गणेशपट्टीवरची खाच

कौशल्याबाईंनी मुलीच्या लग्नासाठी पाहिलेल्या जागा आणि त्या नाकारताना दिलेली कारणे शेजारी शेजारी मांडली, तर ती कारणे एकाच माणसाची वाटत नाहीत. मांजलपुरातला पार्टी प्लॉट त्यांना फार उघडा वाटला. दांडिया बाजाराजवळचे मराठी कार्यालय फार बंदिस्त वाटले. अलकापुरीतल्या हॉटेलात पाहुणे ताटल्या घेऊन उभ्याने जेवतात म्हणून ते बाद झाले. आणि ज्या सभागृहात पंगतीची उत्तम सोय होती, तिथे आजकालच्या मुलांना पंगत आवडत नाही असे सांगून त्या बाहेर पडल्या. प्रत्येक नकाराच्या शेवटचे वाक्य मात्र ठरलेले होते. "या दोघांना ही जागा शोभायची नाही."

दोघे म्हणजे त्यांची मुलगी शिवांगी आणि ठरलेला जावई राजवर्धन. दोघांनाही पार्टी प्लॉट पसंत होता. बडोद्यात त्या काळी लग्न म्हटले की हिरवळ, कारंजे, रंगीत दिवे आणि बाहेर स्कूटरच्या रांगा हे चित्र डोळ्यांपुढे येऊ लागले होते. प्लॉटचा व्यवस्थापक त्यांना मोठ्या हौसेने फिरवून दाखवत होता. "बेन, हजार माणस आरामथी समाई जशे," असे तो म्हणाला, तेव्हा आमच्या घरात माणसे मोजून बोलावतात, असे कौशल्याबाईंनी त्याला शुद्ध गुजरातीत ऐकवले. ते खरे नव्हते. निमंत्रितांचा आकडा तोवर ठरलाच नव्हता.

एकोणीसशे नव्वदनंतर बडोद्यातल्या मराठी कुटुंबांची लग्ने कुठे होऊ लागली, याची माहिती मी जमवत होते. त्या निमित्ताने कौशल्याबाईंची ओळख झाली. त्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांचा आवाज तसाच राहिला होता: सपाट, स्पष्ट, कोणत्याही बातमीने न हलणारा. खात्यातल्या आपल्या एका कौशल्याचा त्या अभिमानाने उल्लेख करीत. वरिष्ठ म्हणवणाऱ्या, अरेरावीने बोलणाऱ्या माणसाला लाइनवर किती वेळ ताटकळत ठेवायचे, हे त्यांना नेमके कळत असे. शिवांगीचे लग्न फेब्रुवारी १९९९ मध्ये झाले. पण त्या लग्नाची जागा, मला आता वाटते, मे १९७३ मध्येच ठरली होती.

कौशल्याबाईंचे माहेर घडियाळी पोळीतले. पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट वस्तीची गल्ली; तिच्या आत आणखी छोट्या गल्ल्या असतात, एका दरवाजाने बंद होणाऱ्या. त्यांना तिथे खडकी म्हणतात. त्यांच्या खडकीच्या दरवाजाला वरच्या बाजूस लाकडी गणेशपट्टी होती. मधोमध कोरलेला गणपती, दोन्हीकडे वेलबुट्टी. पट्टी इतकी खाली होती की मध्यम उंचीच्या माणसालाही वाकूनच आत शिरावे लागे. इमारतीचा भार तिच्यावर नव्हता, तो वरच्या तुळईवर होता. पट्टी केवळ शोभेची होती, काढता येण्यासारखी. पुढे जे घडले ते समजायला हा तपशील आवश्यक आहे.

वडील तुकोजीराव सरकारी मोटारीवर ड्रायव्हर होते. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात साधे स्वार. ज्या घरात कौशल्येचे लग्न ठरले, त्या घरातले आजोबा त्याच घोडदळात अंमलदार. संस्थान विलीन होऊन चोवीस वर्षे झाली होती, घोडदळ उरले नव्हते, आणि अंमलदाराचा नातू फत्तेसिंहराव खतांच्या कारखान्यात नोकरीला होता. पण त्याच्या आईला, कुसुमावतींना, ती पायरी अजून दिसत होती.

तुकोजीरावांनी मांडव खडकीतल्या चौकात घातला होता. वरात आली. घोड्यावर फत्तेसिंहराव, डोक्यावर तुऱ्याचा फेटा. दरवाजात तुकोजीराव आरतीचे ताट घेऊन उभ्या असलेल्या पत्नीशेजारी हात जोडून उभे होते. कुसुमावती मोटारीतून उतरल्या, त्यांनी दरवाजाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "आमच्या मुलाची मान सोयऱ्यांच्या दारात वाकायची नाही."

आधी सर्वांना तो विहिणीचा नेहमीचा रुसवा वाटला. तुकोजीरावांनी समजूत घातली, आर्जवे केली, आणि शेवटी म्हणाले की पट्टीच काढून टाकतो. पट्टी सगळ्या खडकीची होती. शेजाऱ्यांनी हरकत घेतली नाही. पोळीतलाच एक सुतार करवत घेऊन आला. डाव्या टोकाला, वेलबुट्टीवर, त्याने करवत लावली. साधारण चार बोटे खोल गेला असेल, तोच कुसुमावतींनी मुहूर्त टळतो आहे असे जाहीर केले आणि वरात वळवली. लग्न दुसरीकडे लागेल, मुलीला घेऊन या, असा निरोप मागे ठेवला.

दुसरीकडे म्हणजे एका शाळेच्या सभागृहात. नवरीला रिक्षाने तिथे नेले. तुकोजीरावांनी कन्यादान केले, पण ते पंगतीला बसले नाहीत. खडकीतला मांडव दिव्यांसह रिकामा उभा होता आणि आचाऱ्याने पातेल्यांवर झाकणे घातली होती.

सभागृह ऐन हंगामात असे तासाभरात कसे मिळाले, हा प्रश्न मी फत्तेसिंहरावांना विचारला. त्यांचे म्हणणे असे की शाळा मामांच्या ओळखीची होती, सुट्टी होती, किल्ली सहज मिळाली. कौशल्याबाईंचे म्हणणे असे की त्या पोहोचल्या तेव्हा सभागृहात तोरणे लावलेली होती आणि भटजींनी होमाची मांडणी केलेली होती. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. तोरणांचा मुद्दा मी पुन्हा काढला तेव्हा फत्तेसिंहराव उठून पंखा वाढवायला गेले.

"घोड्यावर बसलेला माणूस त्या दिवशी एक अक्षर बोलला नाही," कौशल्याबाई त्यांच्या पाठीकडे पाहत मला म्हणाल्या. "अजून उतरलेला नाही."

तुकोजीरावांनी पट्टी दुरुस्त केली नाही आणि काढूनही टाकली नाही. माहेरी जाताना कौशल्याबाई दर वेळी त्या खाचेखालून वाकून आत जात. करवतीने उघडे पडलेले लाकूड आधी पिवळट होते, मग राखाडी झाले, मग आजूबाजूच्या लाकडासारखेच काळे झाले. वडील १९९१ मध्ये वारले. खडकीतल्या घरात कौशल्याबाईंचा अविवाहित भाऊ बाळकृष्ण राहू लागला. खालच्या खोलीत शिवांगीने मामाच्या परवानगीने कॉम्प्युटरचा क्लास काढला.

सासूबरोबर एका घरात पंचवीस वर्षे राहून कौशल्याबाईंनी कधी भांडण केले नाही, यावर घरातल्या सर्वांचे एकमत आहे. सासूचे औषध, सासूचे पथ्य, सासूच्या बहिणींचे आदरातिथ्य यांत त्यांनी काही कमी पडू दिले नाही. जवळच्या माणसाला दीर्घ काळ लाइनवर ठेवण्यासारखेच ते होते.

आणि मग शिवांगीचे लग्न ठरले. स्थळ बाळकृष्णमामाने आणले. राजवर्धन कॉम्प्युटर जोडून देण्याचा आणि दुरुस्त करण्याचा व्यवसाय करीत होता. मराठ्यांचेच घर, आई अहल्याबाई शाळेत शिक्षिका. कौशल्याबाईंनी फार चौकशा केल्या नाहीत. त्यांचे लक्ष मुलावर नव्हतेच. बडोद्यातल्या चांगल्या चांगल्या जागा नाकारून झाल्यावर त्यांनी एका संध्याकाळी घरात सांगितले की लग्न खडकीत होईल.

कुसुमावती सोफ्यावर बसून होत्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारले, "त्या बोळात?"

"आईसाहेब, आता तुम्ही मुलीकडच्या आहात," कौशल्याबाई म्हणाल्या. "पत्रिकेत निमंत्रक म्हणून पहिलं नाव तुमचं घालतेय. आरतीचं ताट घेऊन दारात तुम्हीच उभ्या राहायचं. घरातलं मोठं माणूस तुम्ही."

एवढेच. सूड म्हणून याहून काही त्यांना नको होते. ज्या जागी तुकोजीराव उभे होते, त्याच जागी, त्याच पट्टीखाली, त्याच ताटाशेजारी या बाईने उभे राहावे आणि समोरच्याने आत यायला नकार द्यावा. त्या पाच मिनिटांत तिच्या चेहऱ्याचे काय होते, ते त्यांना पाहायचे होते.

शिवांगीला त्यांनी सगळे सांगितले, पाच मिनिटांचा भाग सोडून. ती पार्टी प्लॉटसाठी अडून बसेल अशी त्यांची अपेक्षा होती. पण ती म्हणाली, "लग्न माझं की आजीचं?" मग तिनेच खांदे उडवले. "चालशे, मम्मी. खडकीत तर खडकीत. रात्रीचं रिसेप्शन मात्र प्लॉटवर." कौशल्याबाईंना वाटले, मुलीला आजोबांचा अपमान लागला. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली, असे त्या सांगतात.

उरले होते नकार देणारे माणूस. विहीणबाईंना त्यांनी फळे घेण्याच्या निमित्ताने खंडेराव मार्केटात बोलावले आणि चिकूंच्या ढिगासमोर उभे राहून १९७३ सालची हकिगत सांगितली. अहल्याबाईंनी चिकू दाबून पाहत सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे मी खोटं रुसायचं?"

"पाच मिनिटं. मग मी येईन, हात जोडीन, तुम्ही आत या."

"विहीणबाई, मला खरं रुसता येतं. खोट्याचा सराव नाही." त्यांनी एक चिकू परत ढिगात टाकला. "आणि म्हणायचं काय?"

कौशल्याबाईंनी ते वाक्य म्हणून दाखवले. पंचवीस वर्षांत त्यातला शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

"तुमच्या सासूबाई मोठ्या तालेवार दिसतात," अहल्याबाई म्हणाल्या. "बघते. पण राजूला यातलं काही कळता कामा नये. तो हसेल."

लग्नाच्या दिवशी खडकीच्या चौकात मांडव पडला. १९७३ साली मांडव पाहिलेल्या शेजाऱ्यांपैकी जे हयात होते, त्यांना कौशल्याबाईंनी स्वतः जाऊन बोलावले होते आणि दरवाजासमोर खुर्च्या मांडून बसवले होते. त्यांना कारण सांगितले नव्हते. सांगण्याची गरज नसावी.

कुसुमावती सकाळीच आल्या. त्या दरवाजाखालून कशा आत शिरल्या, हे मात्र कौशल्याबाईंना पाहता आले नाही. आचाऱ्याशी बोलायला त्या मागच्या बाजूला गेल्या होत्या. नात्यातल्या दोघी सांगतात की त्या वाकल्या. फत्तेसिंहराव सांगतात की त्यांनी आईला धरले होते आणि आई खाली पायांकडे बघत होती. ही विसंगती मी सोडवू शकले नाही.

संध्याकाळी वरात पोळीच्या तोंडाशी आली. राजवर्धनला घोडा नको होता. तो चालत आला, डोक्यावर फेटा, उंच, इतरांच्या वर दिसणारा. दरवाजाबाहेरच्या पायरीवर कुसुमावती जरीची साडी नेसून, ताट घेऊन उभ्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातात ताट स्थिर होते. कौशल्याबाई त्यांच्या मागे, पट्टीच्या आत.

अहल्याबाई पुढे आल्या. त्यांनी दरवाजाकडे पाहिले, पट्टीकडे पाहिले आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या मुलाची मान सोयऱ्यांच्या दारात वाकायची नाही."

बँड थांबला. खुर्च्यांवरचे म्हातारे शेजारी एकमेकांकडे बघू लागले. कुसुमावतींनी अहल्याबाईंकडे पाहिलेच नाही. त्या वळल्या आणि सुनेकडे बघत राहिल्या.

"पाठ करून घेतलंस त्यांच्याकडून," त्या म्हणाल्या.

कौशल्याबाईंना तो चेहरा पाहायचा होता आणि तो समोर होता. पण त्यावर त्यांना हवे ते काहीच उमटले नव्हते. कुसुमावतींनी आरतीचे ताट शेजारच्या बाईच्या हाती दिले आणि बाळकृष्णाला हाक मारली.

"मांडवाचा सुतार आहे ना इथे? त्याला बोलव. अर्धं राहिलंय, तिथून पुढे काप म्हणावं."

बाळकृष्णाने बहिणीकडे पाहिले. पण पाहुण्यांतल्या कोणीतरी तोवर सुताराला पुढे ढकलले होते. मांडवाचा माणूस, त्याला मागचे काही माहीत नाही. त्याने शिडी लावली आणि करवत जुन्या खाचेत घातली. दोन-तीन वेळा मागेपुढे झाली. काळ्या लाकडाच्या आतून पिवळा भुसा पायरीवर पडला.

"थांबव," कौशल्याबाई म्हणाल्या.

"का?" कुसुमावतींनी विचारले.

"दरवाजा माझ्या वडिलांचा आहे. मोडायचा नाही."

"हेच तुझ्या वडिलांनी त्या दिवशी म्हटलं असतं, तर मी वाकून आत आले असते." त्यांचा आवाज चढला नाही. "म्हटल्याबरोबर स्वतःचं दार कापायला घेणाऱ्या माणसाच्या घरात मान घालावी कोणी?"

कौशल्याबाईंचा आवाज आयुष्यात प्रथमच हलला, असे बाळकृष्ण सांगतात. त्या अहल्याबाईंकडे वळल्या. "विहीणबाई, दार एवढंच आहे आणि एवढंच राहणार. यायचं असेल तर वाकून या. नसेल तर परत जा."

अहल्याबाईंना ठरलेला खेळ माहीत होता. त्यात विहीणबाई हात जोडणार होत्या, हाकलणार नव्हत्या. हे खेळातले की खरे, ते त्यांना कळेना. त्यांचाही चेहरा बदलला. आत, बोहल्याशेजारच्या खोलीत, शिवांगी मुंडावळ्या बांधून बसली होती आणि बाहेर तिचे लग्न एका जुन्या वाक्यावर अडून राहिले होते.

राजवर्धन मात्र त्या तिघींच्या बोलण्याकडे लक्ष न देता शिडीला वळसा घालून पुढे आला. पट्टीपाशी येताच त्याने मान डावीकडे किंचित कलती करून खाली घातली, वर न बघता, रोजच्या सवयीने, आणि आत गेल्यावर मागे वळून आईला म्हणाला, "खाली बघ गं, इथली फरशी उखडलीय." उखडलेली फरशी चटईखाली झाकलेली होती. पहिल्यांदा येणाऱ्याला ती दिसली नसती.

कौशल्याबाईंना तेव्हा उमगले की हा मुलगा या दाराने बराच काळ ये-जा करीत होता. खालच्या खोलीतले कॉम्प्युटर त्यानेच जोडलेले. मामाने आणलेले स्थळ मामाच्या डोळ्यांसमोरच जुळलेले. सूडासाठी निवडलेली जागा त्या दोघांना खरोखरच शोभणारी निघाली होती. याचा त्यांना आनंद झाला का, असे मी विचारले. "नाही," त्या म्हणाल्या. "मला कोणी सांगितलं नाही, याचा राग आला."

मुलाच्या मागून अहल्याबाई वाकून आत आल्या. आरती आतल्या बाजूला झाली. लग्न वेळेवर लागले. रात्री मांजलपूरच्या प्लॉटवर शिवांगी आणि राजवर्धन मित्रांबरोबर मनसोक्त गरबा खेळले, आणि जेवण उभ्यानेच झाले.

कुसुमावतींचे म्हणणे कितपत खरे मानावे? माझ्या मते, फारसे नाही. तोरणे लावलेल्या सभागृहाचा पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. परत जायचे ज्यांनी आधीच ठरवले आहे, अशी माणसे यजमानाच्या मानीपणाची परीक्षा घेत नाहीत. कारण मागाहून तयार केलेले दिसते. पण मी हे कौशल्याबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. तोरणे त्यांनीच पाहिली होती, तरी सासूचे ते दारातले उत्तर त्यांच्या मनात घुसून बसले होते. वडील 'नाही' का म्हणाले नाहीत, हा प्रश्न त्यांना तोवर कधी पडला नव्हता. आता राग सासू आणि वडील या दोघांत वाटला गेला होता, आणि त्यांतला एक जाब द्यायला हयात नव्हता. ही वाटणी सासूने करून दिली, हा तिचा नवा गुन्हा त्यांनी जुन्याच्या वर ठेवला.

२००६ मध्ये खडकीतल्या सगळ्यांनी मिळून जागा बिल्डरला दिली. बाळकृष्ण फ्लॅटमध्ये राहायला गेले. कौशल्याबाईंनी पाडापाडीच्या आधी स्वतः उभे राहून गणेशपट्टी उतरवून घेतली आणि मांजलपूरच्या आपल्या राहत्या घरी आणली. देवघराच्या दाराला बसवायची, असे त्यांनी सांगितले. कोणी हरकत घेतली नाही. गणपती देवघरावर शोभतो. सुताराने उंची विचारली. कुसुमावती तेव्हा काठी घेऊन चालत आणि पाठीतून बऱ्याच वाकल्या होत्या. कौशल्याबाई सुताराला म्हणाल्या, "आईसाहेब येऊन उभ्या राहिल्या की त्यांच्या कपाळाखाली चार बोटं." आणि खाच डावीकडे, दिसेल अशी.

कुसुमावतींचा रोजचा क्रम स्नान, मग देवघर. त्या सकाळी त्या काठी टेकत दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. पट्टीकडे पाहिले, खाचेकडे पाहिले. सून आत सहाणेवर गंध उगाळत होती. तिने वर पाहिले नाही, पण हात थांबला होता.

"माझं तीर्थ इथे बाहेर आण," कुसुमावती म्हणाल्या, आणि नातवंडांसाठी ठेवलेली वेताची खुर्ची त्यांनी काठीने ओढून दारासमोर घेतली.

त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, त्या देवघरात गेल्या नाहीत. ज्या देवांची पूजा त्यांनी लग्न होऊन आल्यापासून केली होती, ते त्यांनी पाच वर्षे बाहेरून पाहिले. कौशल्याबाई याला आपला विजय मानतात आणि तो मान्य करायला मी तयार आहे. परंतु तीर्थ, गंध, फूल, प्रसाद, उदबत्तीचा अंगारा, सगळे रोज बाहेर आणून द्यावे लागे. प्रत्येक गोष्टीसाठी त्या वेगळी हाक मारीत. दर हाकेला कौशल्याबाई पट्टीखालून वाकून आत जात, वाकून बाहेर येत, आणि कुसुमावती खुर्चीत ताठ बसून ते पाहत असत.

मी गेले तेव्हा खुर्ची तिथेच होती. तिच्यावर कोणी बसत नसावे. गादीवर धूळ होती. मी निघताना कौशल्याबाई माझ्यासाठी प्रसाद आणायला आत गेल्या, खाचेच्या बाजूने, खांदा वळवून. आता तरी पट्टी थोडी वर घ्यायला काय हरकत आहे, असे मी त्यांना विचारले. त्यांचे गुडघे दुखत होते, ते मला दिसत होते.

"मग त्या बाहेर बसल्या ते बरोबर होतं, असं होईल," त्या म्हणाल्या. माझ्या हातावर साखर ठेवून त्यांनी रिकामी वाटी उचलली आणि ती जागेवर ठेवायला पुन्हा वाकून आत गेल्या.